दोन मात्रांची उचकी

४ ऑगस्ट

दादा,

‘प्रिय’ लिहायला विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. तू ऑर्केस्ट्रात निघून गेलास, त्यानंतर इतक्या वर्षांनी तुझं पाकीट आलं आणि त्यात काय, तर स्वरलिपीचे कागद आणि वर एक चिठ्ठी: ‘सोबतची दुरुस्ती सगळ्यांकडून बसवून घे.’ आई कशी आहे, बिट्टी काय करते, लॉन्ड्री चालते की बंद पडली, एका शब्दाने चौकशी नाही. दुरुस्ती म्हणे! आम्ही काय तुझा गळका नळ आहोत?

विचारलं नाहीस, तरी सांगते. आई ठणठणीत आहे. उजव्या कानाने ऐकू येईनासं झालंय, त्यामुळे ज्याचं ऐकायचं नसेल त्याला ती उजवीकडे बसवते. तू आलास तर तुझी खुर्ची कुठे मांडायची ते तिने आत्ताच सांगून ठेवलंय. लॉन्ड्री चालते. मोठं मशीन अजून पिळताना जागचं सरकतं आणि मी अजून त्याला लाथ घालते. बुधवारी दुकान लवकर बंद करून तालीमही तिथेच होते, इस्त्रीची टेबलं भिंतीला लावून, गोल बसून, चारी बाजूंना लोकांच्या चादरी वाळत घातलेल्या. बासरीला मास्तर. पांदेरोला कंपाउंडर, तो त्याला अजून खंजिरीच म्हणतो. मोठा ढोल माझ्याकडे, त्याला सुर्दो म्हणायचं हे तू शिकवलंस आणि आम्ही शिकलो नाही. आणि गिटारला तुझी भाची. हो, बिट्टी. तुझी जागा रिकामी ठेवून आम्ही उदबत्ती लावून बसलो असू, अशी तुझी समजूत असेल तर ती काढून टाक.

आता मुद्द्याचं. नदीपलीकडच्या मोठ्या सभागृहात ‘ब्राझिलियन जॅझची संध्याकाळ’ आहे आणि तिथल्या व्यवस्थापक बाईंनी आम्हाला बोलावलंय. आमचं ऐकून बोलावलंय, तुझी बहीण म्हणून नाही. तू माझा भाऊ आहेस हे त्यांना नंतर कळलं, मग त्यांनी तुला लिहिलं आणि तू हो म्हणालास. खरं सांगते, त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांचे शर्ट एकमेकांना दिले, इतकी खूश होते. आणि मग तुझी अट आली. ‘उचकी’ बरोबर वाजवणार असाल तरच येईन.

म्हणजे आजवर आम्ही चूक वाजवत होतो. ‘आम्ही’ बरं का! तू सोयीस्कर विसरला असशील म्हणून आठवण करून देते. भंगारवाल्याकडून ती कॅसेट कोणी आणली? तू. वरचा कागद फाटलेला, कुणाची मैफल, कोणत्या गावची, काही पत्ता नाही. नुसते लोक ओरडतायत, ग्लास वाजतायत आणि त्यातून ती धून येतेय. आपल्या टेपरेकॉर्डरने ती चघळली तेव्हा कात्रीने कापून चिकटपट्टी कोणी लावली? तू. तेवढ्यात दोन मात्रा गेल्या, हे तुलाही कळलं नाही आणि मलाही नाही. चारातल्या दोन गायब, सम अचानक अंगावर येते. ‘बघ, काय खट्याळ माणूस असेल ज्याने हे बांधलं,’ असं म्हणून तू टाळ्या वाजवल्या होत्यास. आपण ती जागा घासून घासून बसवली. आणि रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी नाचायला येणारे लोक त्या जागी पाऊल अर्ध्यात सोडून टुणकन उडी मारायला लागले. त्यांनीच त्या धुनेला नाव ठेवलं, उचकी.

आता तुला मूळ ध्वनिमुद्रण सापडलंय आणि आमची लाज वाटायला लागलीय. माझं उत्तर नाही असं आहे. ये आणि आपल्यासारखं वाजव. नाहीतर पहिल्या रांगेत बस.

तुझी धाकटी


१९ ऑगस्ट

दादा,

तू मास्तरांना परस्पर पत्र लिहिलंस. माझ्या पाठीमागे! मास्तर बुधवारी तुझे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले आणि वर्गात वह्या वाटाव्यात तसे वाटले. ‘चूक समजल्यावर सुधारणं हे सुशिक्षित माणसाचं लक्षण आहे,’ म्हणाले. कंपाउंडर म्हणाला, ‘मास्तर, मी सुशिक्षित नाही, माझा कागद तुम्ही ठेवा.’ आपल्याला स्वरलिपी वाचता येत नाही असं तो सगळ्यांना सांगतो, पण डॉक्टरचं अक्षर वाचणाऱ्याला काय अवघड आहे?

मी म्हटलं, वाजवून तरी बघू. मला हट्टी म्हणायची तुला हौस आहे, म्हणून मुद्दाम लिहिते, मी वाजवून बघितलं. ती जागा आली आणि जिना संपला तरी अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा, तसं झालं चौघांचं. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. बिट्टी हसत सुटली, मास्तर चिडले, मी मशीनला लाथ घातली. शेवटी आम्ही मोजून मोजून ती बसवली आणि रविवारी हॉलमध्ये तुझी बरोबर उचकी वाजवली.

नाचणारे सगळे आपापल्या सवयीने उडाले आणि खाली आले तेव्हा धून अजून तिथेच घुटमळत होती. लोक एकमेकांवर आदळले. शिंपीणबाई आणि तिचा नवरा, जे घरात एकमेकांशी बोलत नाहीत आणि फक्त रविवारी नाचताना बोलतात, ते मधेच थांबले. बाई सरळ माझ्यासमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘आज गाण्याला काय झालंय? केस कापून आलंय का?’

मास्तर तिला समजावायला गेले की हेच खरं आहे. ती म्हणाली, ‘असेल हो. आमचं कुठे गेलं?’

हे सगळं मी तुला हसत हसत सांगतेय, पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही. रंगाच्या दुकानाच्या मालकाला हॉल गोदामासाठी हवाय. सप्टेंबरअखेर आम्ही तिथून बाहेर. त्यानंतर आम्हाला वाजवायला जागा नाही. सभागृहातला कार्यक्रम चांगला झाला तर दर महिन्याला एक संध्याकाळ आम्हाला द्यायची, असं बाईंच्या मनात आहे. म्हणून तुझं येणं महत्त्वाचं आहे, हे मला कळतं. तुझ्या नावावर तिकिटं खपतील, आमच्या नावावर नाही. तुलाही हे कळतं आणि म्हणूनच तू अट घातलीस. माझा हात पिरगळतोयस, लहानपणी पिरगळायचास तसा. तेव्हाही मी ओरडायचे, पण सोडून दे म्हणायचे नाही.

तुझी धाकटी

ता.क. कागद परत पाठवतेय. मास्तरांचा सोडून. त्यांनी दिला नाही.


२ सप्टेंबर

दादा,

तुझ्या ऑर्केस्ट्रातला क्लॅरिनेटवाला त्याच्या मावशीकडे आला होता, तिचे पडदे आमच्याकडे येतात. तुझी बहीण म्हटल्यावर तो बोलत बसला. त्याने सांगितलं की तू तिथे नवीन असताना मोठ्या झोकात आपली उचकी वाजवून दाखवलीस, आणि त्या जागी आख्खा ऑर्केस्ट्रा खो खो हसला. त्यांच्या प्रमुखाने खरी रेकॉर्ड आणून सगळ्यांसमोर तुला ऐकवली. अजून तुला तिथे ‘दोन मात्रा’ म्हणतात.

हे तू मला कधीच लिहिलं नाहीस. लिहायला हवं होतंस. मला इतका राग आला ना त्या लोकांचा, एकेकाला मशीनमध्ये घालून गरम पाण्यात फिरवावंसं वाटलं. क्लॅरिनेटवाला गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले. ते तुझ्यासाठी होतं, हे लक्षात ठेव, कारण आता जे लिहिणार आहे ते तुला आवडायचं नाही.

तू हसण्याला घाबरलायस. तिथे हसले म्हणून तू इथे येऊन आम्हाला नीट करणार, म्हणजे कधी काही झालंच नव्हतं असं होईल. नाही होणार. आणि तुझ्या ताज्या पत्रात तर कळस आहे. ऑर्केस्ट्राचा ढोलवाला सोबत आणतोस, आणि ‘तुझ्या खांद्याला आराम मिळेल, तू खुळखुळा घेऊन बाजूला बस’. माझ्या खांद्याचं तुला कोणी सांगितलं? मास्तरांनीच, दुसरं कोण! खांदा दुखतो. रोज ओल्या चादरी उचलणाऱ्या कुणाचा दुखत नाही? ढोल वाजवताना दुखत नाही, आणि दुखला तरी तो माझा खांदा आहे.

बिट्टीने खरं ध्वनिमुद्रण कुठून तरी मिळवलं आणि मला फोनवर लावून दिलं. इस्त्री करता करता ऐकलं. खरं सांगू? सुंदर आहे. ती जागा तर इतकी शांतपणे वळते की इस्त्री हातात तशीच राहिली आणि एका उशीच्या अभ्र्याला डाग पडला. आपल्यापेक्षा सुंदर आहे, हे मी माझ्या हाताने लिहून देते. पण ते त्यांचं आहे. त्यांना आपली गरज नाही. आपल्या उचकीला आपल्याशिवाय जगात कुणीही नाही.

आणि अजून एक. तू गेलास तेव्हा कंपाउंडरला सांगून गेलास, मास्तरांना सांगून गेलास, मला मात्र बुधवारी तालमीला कळलं. मी ढोलावर हात ठेवून बसले होते. कंपाउंडर म्हणाला, ‘ताई, वाजवायचं की घरी जायचं?’ मी म्हटलं, वाजवायचं. आणि आम्ही उचकी घेतली. गिटार नाही, काही नाही. त्या जागी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सम दिली. त्या दिवशी हा संच मोडायला हवा होता, दादा. ज्या जागेवर तो मोडला नाही, ती जागा तू मला पुसायला सांगतोयस.

ढोलवाल्याला आणू नकोस. आणलास तर त्याला खुळखुळा देऊ.

तुझी धाकटी


त्याच दिवशी, दुपारी

मघाचं पत्र अजून टाकलं नाही, तेवढ्यात व्यवस्थापक बाई आल्या होत्या. जाहिरात छापून झालीय. तुझं नाव ढोलाएवढं, आमचं नाव ‘आणि सहकारी’. मी सहकारी! बाईंना हात जोडून विचारलं, तो आला नाही तर? त्या वाईट नाहीत, कारकुनी करून दमलेल्या आहेत. म्हणाल्या, ‘तो आला नाही तर संध्याकाळ रद्द. तुम्ही काय वाजवता त्यात मी पडणार नाही. तेवढं घरात मिटवा.’

मग आम्ही दुकानातच उभ्या उभ्या ठरवलं. बिट्टी माझ्या बाजूने, कंपाउंडर माझ्या बाजूने. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, ‘माझ्या मते तुमचा भाऊ बरोबर आहे. पण मी तुमच्यात बसतो.’ मी त्यांना चहा दिला, त्यांचा कायमचा मोठा कप.

तेव्हा हे नीट वाच. आम्ही चौघं येऊ, गोल बसू, लोकांकडे पाठ झाली तर झाली, आणि उचकी आपली वाजवू. तू न येऊन कार्यक्रम बुडवू शकतोस. जागा गेली तर लॉन्ड्रीत वाजवू, चादरींना ऐकवू. मी घाबरलेली नाही असं नाही. पण नाही म्हणजे नाही.


२६ सप्टेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. तिचं उत्तर शेवटी देते, आधी माझं ऐकून घे. कार्यक्रमाच्या संध्याकाळी तू मागच्या दाराने निघून गेलास, त्यामुळे मला बोलताच आलं नाही, आणि मी न बोलता राहिले की आजारी पडते हे तुला माहीत आहे.

तू आलास. ढोलवाल्याला न घेता आलास. पडद्यामागे तू बिट्टीच्या गिटारची तार लावून दिलीस, आईच्या पाया पडलास, ती डावीकडची खुर्ची सरकवून ‘बस’ म्हणाली, आणि माझ्याशी एक शब्द नाही. मीही नाही बोलले. आपण दोघं आपल्या बापाची पोरं.

पहिल्या चार धुना काय वाजवल्यास रे! मला ढोल सोडून नुसतं ऐकावंसं वाटत होतं. बिट्टी तुझ्याकडे बघून बघून वाजवत होती, तिचा हात इतका सैल मी कधी पाहिला नव्हता. चौथी, बोसा नोव्हाची संथ धून संपली तेव्हा आख्ख्या सभागृहाने टाळ्या धरल्या. मला वाटलं, संपलं भांडण.

मग उचकी. ती जागा आली, आम्ही चौघं पुढे गेलो आणि तू तुझ्या दोन मात्रा वाजवल्यास. एकट्याने. इतक्या मोठ्या सभागृहात ते दोन ठोके असे ऐकू आले की दुसऱ्या रांगेतला माणूस खोकायचा थांबला. मग तू धावत येऊन आम्हाला गाठलंस. मास्तरांचा सूर हलला. बिट्टीने माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले होते.

आपल्यात कुणी तालातून पडलं तर ढोलाने काय करायचं, ते तूच घालून दिलेलं आहेस. बाकी सगळं सोडून नुसती सम वाजवायची, तो परत येईपर्यंत त्याच्यासाठी थांबायचं. कंपाउंडरसाठी मी कितीदा थांबलेय. बिट्टीसाठी तर पहिलं वर्षभर दुसरं काही केलंच नाही. मला माहीत आहे तुझी अपेक्षा काय होती. मी थांबेन, ढोल थांबला की सगळे थांबतील, आणि तुझ्या दोन मात्रा आपोआप बसतील.

मी थांबले नाही. तू पडला असतास तर थांबले असते, दादा, सभागृह गेलं खड्ड्यात. पण तू पडला नव्हतास. तू पाय रोवून उभा होतास. उभ्या माणसाला उचलायचं कसं?

दुसऱ्या फेरीला तू पुन्हा तेच केलंस. मागे कुणीतरी हसलं. तुझा चेहरा मला दिसला. तोच हसण्याचा आवाज, ज्याच्यापायी एवढं रामायण झालं. आणि तरीही मी थांबले नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नाही थांबणार. तेवढ्यात आपले रविवारचे लोक, जे तिकिटं काढून शेवटच्या रांगांत बसले होते, शिंपीणबाई, तिचा नवरा, सगळे उठले आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेत नाचायला लागले. दरवान धावला. तिसऱ्या फेरीला ते सगळे उडाले आणि लाकडी फरशीवर धप्पकन आले. तू तारांवरून हात काढला होतास. नुसता बसून ऐकत होतास.

चौथ्या फेरीला तू आमच्याबरोबर आलास. सम माझी आणि तुझी एकदम पडली. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर माझाच ताल गेला असता.

बाकीची बातमी अशी. वर्तमानपत्रात आलंय की ‘एका रचनेत वादकांचा मेळ सुटला’. मास्तरांनी ते कापून घरी नेलं. बाईंनी मोठं सभागृह दिलं नाही. तळमजल्यावरची खोली दिली, महिन्यातून एक संध्याकाळ, जिथे त्या मोडक्या खुर्च्या ठेवतात. खुर्च्या आम्हीच हलवायच्या. चालेल, नाचायला तशाही खुर्च्या नकोच असतात. संचाचा प्रमुख कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. पहिल्यांदाच म्हटलं आणि कुणी हसलं नाही.

आता तुझी ओळ. ‘बुधवारची तालीम अजून असते का?’

असते. दुकानाचं शटर अर्धं खाली असेल, वाकून आत ये. तू येणार म्हटल्यावर बिट्टी नाचतेय, पण गिटारची पहिली जागा तिची आहे, ती ती सोडणार नाही आणि मी सोडू देणार नाही. तू तिच्या शेजारी बसशील. तुला खूप येतं, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त, ते सगळं आम्हाला शिकव. आमचे हात खरखरीत आहेत, ते मऊ कर. मला तू हवा आहेस, हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते.

फक्त त्या एका जागेसाठी तयारीने ये. चौथ्या फेरीला तू बरोबर आलास, पण चाचपडत आलास, मला ऐकू आलं. आमच्यात असं कच्चं चालत नाही.

चूक नीट पाठ करून ये.

तुझी धाकटी